राष्ट्र कुणाचे? अठराव्या शतकातील ब्रिटन आणि जोडे शिवणाऱ्या हार्डीचा प्रश्न

आमच्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने प्रश्न विचारला. पोरगा पदवीला इतिहास शिकतो. त्याच्या वर्गात प्राध्यापकांनी सांगितले होते, "विषमता कुठे नव्हती? इंग्लंडमध्येही गुलामगिरी होती, उमराव होते, उपाशी मरणारे होते. तरीही इंग्रज एक राष्ट्र म्हणून उभे राहिले. तुम्ही मात्र जातीचे रडगाणे गाऊन राष्ट्र फोडता." पोराला त्या वेळी उत्तर सुचले नाही. त्याने तो प्रश्न जसाच्या तसा आमच्यासमोर ठेवला.

प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्यात दोन दावे आहेत. पहिला, इंग्रज हे विषमता पोटात घेऊनही आपसूक एक झाले. दुसरा, सगळीकडची विषमता सारखीच, म्हणून जातीचे वेगळे काही सांगू नका. या दोन्ही दाव्यांना भावनेने नव्हे, इतिहासाने उत्तर दिले पाहिजे. त्यासाठी ज्या शतकात 'ब्रिटिश' नावाचे राष्ट्र घडले, त्या अठराव्या शतकातल्या ब्रिटनमध्येच जाऊ या.

करारातून जन्मलेले राष्ट्र

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. 'ब्रिटिश' हे राष्ट्र अनादी काळापासून नव्हते. १ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन राज्यांच्या संसदा एक झाल्या आणि ग्रेट ब्रिटन हे राज्य जन्माला आले. १६०३ पासून दोघांचा राजा एक होता, पण संसदा, कायदे, चर्च वेगळी होती. मग स्कॉटलंड तयार का झाले? पनामाच्या किनाऱ्यावर डॅरिएन येथे वसाहत उभारण्याच्या नादात स्कॉटिश भांडवल बुडाले होते. एकत्रीकरणाच्या करारात स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड द्यायचे ठरले आणि त्यातून डॅरिएनच्या भागधारकांची भरपाई झाली. एडिंबरो आणि ग्लासगोच्या रस्त्यांवर लोक या कराराविरुद्ध दंगा करत होते, त्यांना कुणी विचारले नाही. म्हणजे राष्ट्राचा जन्म लोकांच्या हृदयात नव्हे, तर वरच्यांच्या हिशेबात झाला.

कागदावर एक झाल्याने माणसे एक झाली का? नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्यात 'ओट' या धान्याचा अर्थ देताना त्याने टोमणा मारला, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसे खातात. शब्दकोशातसुद्धा शेजाऱ्याच्या जेवणाची टिंगल! १७६२ मध्ये लॉर्ड ब्यूट हा स्कॉटिश माणूस पंतप्रधान झाला, तेव्हा जॉन विल्क्सने 'नॉर्थ ब्रिटन' हे पत्र काढून स्कॉटिशांवर गरळ ओकली. हाच विल्क्स लंडनच्या गर्दीसाठी स्वातंत्र्याचा नायक होता, हे लक्षात ठेवा. तिकडे एडिंबरोची प्रतिष्ठित मंडळी आपले स्कॉटिश उच्चार लपवण्याच्या खटपटीत होती. १७६१ मध्ये थॉमस शेरिडन या आयरिश नटाने एडिंबरोत शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्याने दिली आणि ती ऐकायला तिथली बडी मंडळी गेली. 'तुमची भाषा अशुद्ध आहे' हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकले आहे? प्रमाण भाषेचा चाबूक सगळीकडे सारखाच लागतो.

शत्रू, धर्म आणि ताटातले बीफ

मग ही माणसे एकमेकांना चिकटली कशाने? इतिहासकार लिंडा कॉली यांनी 'ब्रिटन्स' या १९९२ सालच्या ग्रंथात याचे नेमके उत्तर दिले आहे. प्रॉटेस्टंट धर्म, कॅथलिक फ्रान्सशी पुन्हा पुन्हा झालेली युद्धे, आणि व्यापार व साम्राज्यातून मिळणारा लाभ या गोष्टींनी हे राष्ट्र सांधले गेले. आपण कोण आहोत यापेक्षा आपण कोण नाही, यावर ही ओळख उभी होती.

ही ओळख रोजच्या जगण्यात कशी उतरत असे ते पाहा. विल्यम होगार्थने १७४८ मध्ये कॅलेच्या वेशीचे चित्र काढले. गोमांसाचा एक भला मोठा तुकडा इंग्रजांच्या खाणावळीकडे चालला आहे आणि हडकुळे फ्रेंच शिपाई तोंडाला पाणी सुटून त्याकडे पाहत आहेत. मधेच एक ढेरपोट्या कॅथलिक साधू मांसाला बोट लावून बघतो आहे. बीफ खातो तो मर्द आणि स्वतंत्र, पातळ सूप पितो तो गुलाम, असा सरळ संदेश. ताटात काय आहे यावरून देशभक्ती मोजण्याची खोड किती जुनी आहे, बघा. फक्त पदार्थ बदलतो, खोड तीच राहते.

पण धर्माच्या नावाने राष्ट्र बांधले, की त्या धर्माबाहेरच्यांचे काय होते? कॅथलिकांना मतदान नाही, संसद नाही, सरकारी पद नाही. १७७८ मध्ये त्यांना थोडीशी सवलत देणारा कायदा झाला. तो रद्द करा म्हणून जून १७८० मध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगली उसळल्या. कॅथलिकांची प्रार्थनास्थळे आणि घरे पेटवली गेली, तुरुंग फोडले गेले आणि सैन्याच्या गोळीबारात शेकडो माणसे मेली. १७५३ मध्ये परदेशातून आलेल्या ज्यूंना नागरिकत्व घेण्याची वाट मोकळी करणारा कायदा झाला आणि लोकांचा ओरडा एवढा झाला, की काही महिन्यांतच तो मागे घेतला गेला.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांची कहाणी तर डोळे उघडणारी आहे. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या रणात बंड चिरडले गेले. त्यानंतर त्या भागातल्या पुरुषांना त्यांचा पारंपरिक पोशाख घालण्यास कायद्याने बंदी झाली. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. तिला एक अपवाद होता. राजाच्या सैन्यात भरती झालेल्या शिपायाला तो पोशाख चालत असे. म्हणजे राजासाठी मरायला निघालात तर तुमची संस्कृती शौर्याची, घरी बसलात तर ती गुन्हा. पराक्रम हवा, पण माणूस नको, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. याच शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार भरती होत होते. पुढे त्यांच्याच वंशजांना भरतीचे दार बंद झाले आणि त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, हे आपण जाणतो.

मोजणीत कोण होते?

'ब्रिटिश माणूस कधी गुलाम होणार नाही' अशी ग्वाही देणारे 'रूल, ब्रिटानिया' हे गीत १७४० मधले. ते गाणाऱ्या देशात मत किती जणांना होते? १७८० च्या पाहणीनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २,१४,००० मतदार होते. लोकसंख्येच्या तीन टक्केसुद्धा नाहीत. ओल्ड सेरम या ओसाड टेकडीवरून दोन खासदार निवडून जात आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला १८३२ पर्यंत स्वतःचा एकही खासदार नव्हता. गावची सामायिक कुरणे संसदेच्या एकेका कायद्याने कुंपणात जात होती आणि भूमिहीन मजूर शहराची वाट धरत होते. शतक संपेपर्यंत फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यातले बहुतेक गुन्हे मालमत्तेविरुद्धचे होते.

आणि गुलामी? ती तर ब्रिटनच्या पोटातच होती. स्कॉटलंडमधल्या कोळसा खाणी आणि मिठागरांतले कामगार १६०६ च्या कायद्याने मालकाला बांधलेले होते. खाणीत वर्ष आणि एक दिवस काम केले, की माणूस जन्मभर त्या खाणीचा. खाण विकली की तोही तिच्यासोबत विकला जाई. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मालक बापाच्या हातावर काही पैसे ठेवी आणि त्या पोराचेही भवितव्य ठरून जाई. स्कॉटलंडमध्ये १७०१ साली बेकायदा अटकेपासून संरक्षण देणारा कायदा झाला, त्यातून हे कामगार नाव घेऊन वगळले गेले. त्यांची पूर्ण सुटका व्हायला १७७५ आणि १७९९ असे दोन कायदे लागले.

तेव्हा प्राध्यापक महाशय, तुमचे अर्धे म्हणणे आम्हाला मान्य. ब्रिटनमध्ये भयंकर विषमता होती. पण 'तरीही ते एक राष्ट्र झाले' हे तुमचे उरलेले अर्धे वाक्य तपासावे लागेल. विषमता असूनही नव्हे, तर विषमतेशी भांडून जेवढे राष्ट्र मिळाले, तेवढेच ते खरे झाले.

कॉफीहाऊस आणि चहातली साखर

हे भांडण सुरू कुठे झाले? रोजच्या बैठकीत. १६९५ मध्ये छपाईवरची पूर्वपरवानगी संपली आणि वर्तमानपत्रे वाढली. ती वाचली जात कॉफीहाऊसमध्ये. एक पेनी टाकली की कॉफी मिळे, वर्तमानपत्र मिळे आणि वाद घालायला माणसे मिळत. तिथे व्यापारी, कारकून, लेखक, दुकानदार एका मेजावर बसत. हे चित्र रंगवून सांगण्याची गरज नाही. स्त्रिया तिथे वाढणाऱ्या होत्या, वाद घालणाऱ्या क्वचितच. ज्याच्याकडे पेनी नाही तो बाहेर. पण दारात उभा राहून 'तुझी जात कोणती' असे कुणी विचारत नव्हते आणि एकाच्या स्पर्शाने दुसऱ्याचा पेला बाटत नव्हता.

त्याच शतकातल्या पेशवाईत अस्पृश्यांना रस्त्यावर कसे वागावे लागे, त्यांच्या सावलीचाही विटाळ कसा मानला जाई, ते बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. एकाच काळातले हे दोन रस्ते शेजारी ठेवून पाहा.

आता घरातला चहा घ्या. चहा चीनमधून कंपनीच्या जहाजांनी येई आणि साखर जमैका, बार्बाडोससारख्या बेटांवरून, आफ्रिकी गुलामांच्या रक्तावर पिकून. शतकाच्या सुरुवातीला माणशी वर्षाला सुमारे चार पौंड साखर लागत असे, शतकाच्या शेवटी ती अठरा पौंडांवर गेली. गरीब मजुराच्या घरीही गोड चहा पोचला. ज्या 'झाँग' जहाजावरून १७८१ मध्ये विम्याच्या पैशासाठी शंभराहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली गेली, ते जहाज याच व्यापाराचे. आणि १७८३ मध्ये कोर्टात त्यावर खटला चालला तो खुनाचा नव्हे, विम्याचा!

पण याच कपातून प्रतिकारही सुरू झाला. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. १७९१ मध्ये संसदेने तो व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा लाखो लोकांनी गुलामांनी पिकवलेली साखर सोडली. यात पुढे कोण होते? ज्यांना मत नव्हते त्या स्त्रिया. संसदेचे दार बंद होते, पण घरातल्या साखरेच्या डब्यावर त्यांचा हात होता. राजकारण फक्त सभागृहात होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास वाचावा. आपल्याकडे चवदार तळ्याच्या पाण्याने हेच सांगितले.

हार्डीचा प्रश्न

आता मुख्य माणसाकडे येऊ. थॉमस हार्डी. हा कादंबरीकार हार्डी नव्हे. हा स्कॉटलंडमधून लंडनला आलेला, जोडे शिवून पोट भरणारा कारागीर. जानेवारी १७९२ मध्ये लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात नऊ माणसे बसली आणि त्यांनी लंडन करस्पाँडिंग सोसायटी काढली. वर्गणी आठवड्याला एक पेनी. मागणी एकच, प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि दरवर्षी संसदेची निवडणूक. सभासद किती असावेत यावर मर्यादा नाही. हार्डीचा प्रश्न साधा होता. आम्ही कर भरतो, सैन्यात मरतो, तर या राष्ट्रात आम्ही मोजले का जात नाही? त्यांच्या मागणीत स्त्रिया नव्हत्या, ही त्यांची मर्यादा. त्याच वर्षी मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहून ती मर्यादा दाखवून दिली.

याच हार्डीच्या घरी १७९२ मध्ये एक पाहुणा राहत होता, ओलाउडा इक्वियानो. गुलामीतून स्वतःच्या पैशाने सुटका विकत घेतलेला आफ्रिकी माणूस. १७८९ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहून ब्रिटनला हादरवले होते. तो सोसायटीचाही सभासद झाला. त्याच वर्षी त्याने सुझॅना कलन या इंग्रज स्त्रीशी लग्न केले. हार्डीची बायको लिडिया त्या वसंतात चेशम गावी गेली होती. तिने तिथून नवऱ्याला पत्र लिहून विचारले, की गुलामांच्या व्यापाराबद्दलच्या ठरावाचे संसदेत काय झाले. आणि कळवले, की या गावात साखर घालून चहा पिणाऱ्यांपेक्षा साखरेविना पिणारे जास्त आहेत. जोडे शिवणाऱ्याची बायको, आणि तिला काळजी समुद्रापलीकडच्या गुलामांची!

पुढे काय झाले? मे १७९४ मध्ये हार्डीला राजद्रोहाखाली पकडले. जूनमध्ये फ्रान्सवरच्या नौदल विजयाचा जल्लोष करणारा जमाव त्याच्या घरावर चालून गेला. गरोदर लिडिया मागच्या खिडकीतून कशीबशी निसटली, पण जखमी झाली. ऑगस्टमध्ये बाळंतपणात ती आणि तिचे मूल दोघेही गेले. समान हक्क मागणाऱ्याला देशद्रोही ठरवायचे आणि विजयोत्सवाच्या गर्दीने त्याचे घर फोडायचे, ही रीत कुठल्या एका देशाची नाही. ५ नोव्हेंबर १७९४ ला ज्यूरीने हार्डीला निर्दोष सोडले. लोकांनी त्याची गाडी हाताने ओढत लंडनच्या रस्त्यांवरून नेली. पण सरकारने १७९९ मध्ये सोसायटीवर नाव घेऊन बंदी घातली.

आज विचारा, राष्ट्र कुणी घडवले? हार्डीचे घर फोडणाऱ्यांनी, की हार्डीने? प्रौढ मताधिकार आज ब्रिटन अभिमानाने मिरवते. ज्याला देशद्रोही म्हटले गेले, त्याची मागणीच पुढे राष्ट्राची ओळख झाली.

या वर्तुळाचा एक धागा थेट पुण्यात पोचतो. हार्डी आणि त्याचे सोबती ज्या थॉमस पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचत, तेच पुस्तक १८४७ मध्ये तरुण जोतीराव फुले यांच्या हाती पडले. पेन स्वतः स्त्रियांच्या कंबरपट्ट्या शिवणारा कारागीर होता. कारागिराने लिहिले, कारागिराने पसरवले आणि माळ्याच्या पोराने इथे पेरले.

मग फरक कुठे आहे?

आता दुसरा दावा. सगळी विषमता सारखी का? गुलामगिरी जातीपेक्षा सौम्य होती असे म्हणणे खोटे आणि क्रूर ठरेल. वसाहतींत गुलामी आईकडून लेकराला जन्मानेच मिळत असे. १८३३ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना दमडी नाही. म्हणून इंग्रजांबद्दल आंधळी कृतज्ञता आपल्या कामाची नाही. जोतीरावांनीही 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामावर आसूड ओढलाच होता.

फरक आहे तो पीडितांच्या आपसातल्या नात्यात. १७७० च्या सुमारास स्कॉटलंडच्या फाइफ भागात डेव्हिड स्पेन्स नावाच्या गुलामाने मालकाविरुद्ध दाद मागितली. त्याच्या खटल्यासाठी वर्गणी कुणी काढली? तिथल्या शेतमजुरांनी, खाणकामगारांनी आणि मिठागरातल्या कामगारांनी. म्हणजे जे स्वतः बांधलेले होते, त्यांनीही! बांधलेला माणूस दुसऱ्या बांधलेल्यासाठी खिशात हात घालू शकला. जोडे शिवणारा आफ्रिकी माणसाला घरात ठेवू शकला. असे करू नका, पाप लागेल, म्हणून सांगणारा धर्मग्रंथ आणि वाळीत टाकणारी जातपंचायत त्यांच्यामध्ये उभी नव्हती.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते याचसाठी. इथे प्रत्येकाच्या डोक्यावर पाय आहे, पण प्रत्येकाच्या पायाखाली एक डोकेही दिले आहे. ते डोके सोडवत नाही, म्हणून वरचा पाय झटकता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावले, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असू शकतील. आपण राष्ट्र आहोत असे मानणे हा मोठा भ्रम आहे. जातीबद्दल बोलणारा राष्ट्र फोडत नाही. न जुळलेले राष्ट्र कुठे जुळलेले नाही, ते तो बोट ठेवून दाखवतो.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे सांगितले. मग त्याने आम्हालाच विचारले, "सर, स्पेन्ससाठी खाणकामगारांनी वर्गणी काढली. आपल्याकडे मातंग वस्तीवर अन्याय झाला तर आपल्या विहारातून वर्गणी निघते का? चर्मकार मुलीशी लग्न करायचे म्हटले तर आपल्या घरात काय होते?" वर्गात कुणी बोलले नाही.

मित्रहो, प्राध्यापकांना उत्तर देणे सोपे आहे. या पोराला उत्तर देणे अवघड आहे, आणि ते लेखातून देता येणार नाही. ते आपल्या वर्गणीच्या वहीत, आपल्या पंगतीत आणि आपल्या घरच्या सोयरिकीत दिसले पाहिजे. पुढच्या रविवारपासून आमचा अभ्यासवर्ग आळीपाळीने शेजारच्या वस्त्यांत भरेल, चहा त्या त्या घरचा. सुरुवात एवढीच आहे, पण हार्डीनेही नऊ माणसांपासूनच केली होती.

जयभीम!